वाघ कुठे आहे?

उन्हाळ्यात पहाटे साडेपाचच्या सुमारास ताडोबाच्या मोहर्ली गेटवर जिप्सींची रांग लागते. ओळखपत्रं तपासली जातात, मार्गदर्शक आपापल्या गाडीत चढतात आणि गाभा क्षेत्रात शिरण्याआधी पर्यटकांचे मोबाइल बंद होऊन पिशवीत जातात. पुढचे तीन-चार तास या माणसांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं. वाघ कुठे आहे?

एप्रिल असेल तर त्याच वेळी, त्याच जंगलाच्या दुसऱ्या काठावरच्या गावांतून बायका टोपल्या घेऊन निघालेल्या असतात. रात्रभर गळालेली मोहफुलं ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. झाडाखाली वाकून, मान खाली घालून, दोन-दोन तास. त्यांच्याही मनात तोच प्रश्न असतो. वाघ कुठे आहे?

एकाला वाघ दिसायला हवा, दुसरीला तो समोर यायला नको. प्रश्न दोघांचाही तोच, आणि गेल्या दहा वर्षांत त्याचं उत्तर दोघांकडेही मोबाइलवरून यायला लागलं आहे. 2016 च्या सप्टेंबरात जिओ बाजारात आलं, डेटा स्वस्त झाला आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत फोन हा बोलण्यापेक्षा बघण्याचा झाला. पानठेल्यावर खर्रा घोटून होईपर्यंत चार रील्स बघून होतात. सफारीचं गेट निवडणं, नाटकाचं तिकीट काढणं, लग्नाची साडी घेणं, पूर आला की गावाबाहेर पडायचं की नाही हे ठरवणं, या सगळ्यात आता पडद्याचा हात आहे. या दोन जिल्ह्यांत हा बदल समजून घ्यायचा तर सुरुवात वाघापासूनच करावी लागते, कारण इथला सर्वांत जास्त बघितला जाणारा चेहरा त्याचाच आहे.

मायाचे चाहते

ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. 1955 मध्ये ते जाहीर झालं, 1986 मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झालं आणि 1995 मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. आज गाभा आणि बफर मिळून त्याचं क्षेत्र सुमारे 1,727 चौरस किलोमीटर आहे. 2022 च्या व्याघ्रगणनेत महाराष्ट्रात 444 वाघ असल्याचा अंदाज निघाला, त्यातले 97 एकट्या ताडोबातले.

आकडा हा असा. पण पर्यटक आकड्यासाठी येत नाही, तो नावासाठी येतो. वनखात्याच्या नोंदीत वाघांना टी-12 सारखे क्रमांक असतात. नावं दिली ती मार्गदर्शकांनी, जिप्सीचालकांनी आणि छायाचित्रकारांनी. माया, मटकासुर, वाघडोह, छोटी तारा, सोनम. पूर्वी ही नावं गेटवरच्या चहाच्या टपरीपुरती होती. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर ती गेली आणि त्या नावांना वंशावळी मिळाल्या, चाहते मिळाले, वाढदिवसाच्या शुभेच्छा मिळू लागल्या.

माया म्हणजेच टी-12 हे यातलं सर्वांत मोठं नाव. पांढरपौनीच्या पाणवठ्याजवळ ती इतक्या वेळा आणि इतक्या निवांत दिसायची, की देशातल्या सर्वाधिक छायाचित्रित वाघिणींत तिची गणना होऊ लागली. ऑगस्ट 2023 नंतर ती दिसेनाशी झाली तेव्हा विचारणा केवळ चंद्रपुरातून झाली नाही. मुंबई, बंगळूर, परदेशातूनही लोक समाजमाध्यमांवर तिच्याबद्दल विचारत होते. नोव्हेंबरात जंगलात काही अवशेष सापडले आणि डीएनए तपासणीतून ते मायाचेच असल्याचं स्पष्ट झालं. त्या दिवशी असंख्य फोनांवर एकाच वाघिणीचा फोटो होता. त्याच्या दोन वर्षं आधी, नोव्हेंबर 2021 मध्ये, व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा याच वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. मायाला निरोप देणाऱ्या पोस्टच्या गर्दीत त्या वनरक्षकाची आठवण क्वचितच कुणी काढली.

नाव मोठं झालं की बाजारही त्याच्यामागे जातो. पूर्वी लोक ‘ताडोबाला’ जायचे. आता बुकिंग करताना पर्यटक विचारतो, जुनाबाई सध्या कुठल्या गेटला दिसते? मदनापूर-कोलाऱ्याकडे की आणखी कुठे? छोटी मधू आगरझरी-देवाडाच्या बाजूला आहे का? भानुसखिंडीला बघायचं तर निमढेला की रामदेगी? वाघिणीला बछडे झाल्याचं एक चित्रीकरण फिरलं की त्या बफर गेटची मागणी वाढते आणि वाघिणीने हद्द बदलली की ओसरते. गेटजवळच्या गावातला होम-स्टे, चहा-पोह्यांची टपरी, भाड्याची जिप्सी, मार्गदर्शकाची बक्षिशी हे सगळं त्या मागणीबरोबर वरखाली होतं. बफरमधल्या गावांतली जी मुलं आधी मजुरीसाठी तेलंगणात मिरची तोडायला जाण्याचा विचार करायची, त्यांतल्या काहींना या गेटांनी गावातच रोजगार दिला आणि स्त्रियाही मार्गदर्शक झाल्या. हा फायदा खरा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. सचिन तेंडुलकरांसारखा माणूस पुन्हा पुन्हा इथे येतो आणि त्याचं चित्रीकरण लोकांसमोर ठेवतो, तेव्हा जी जाहिरात होते ती कुठल्याही पर्यटन महामंडळाला पैसे देऊन करता आली नसती.

थांबलेल्या गाड्या

पण ज्याला वाघ बघायचा असतो त्याला आता तो दाखवायचाही असतो. आणि दाखवायचा तर जवळून दाखवावा लागतो.

ताडोबाने 2018 च्या अखेरीस गाभा क्षेत्रातल्या सफारीत मोबाइलला बंदी घातली. कारण साधं होतं. मोठी लेन्स लांबून चित्र घेते, मोबाइलला जवळ जावं लागतं. आणि फोनवरून गाडीगाडीत निरोप गेला की एका वाघाभोवती क्षणात सगळ्या जिप्सी गोळा होतात. बंदी आली तरी मोह संपला नाही. मे 2024 मध्ये टी-114 या वाघिणीची वाट जिप्सींनी अडवल्याचं छायाचित्र समाजमाध्यमांवर पसरलं. पुढे गाड्या, मागे गाड्या, मधे रस्ता ओलांडू पाहणारी वाघीण. संबंधित चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली.

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, 31 डिसेंबर 2024 ला, शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावजवळ एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्ही बाजूंच्या गाड्यांमध्ये अडकले. ते चित्रीकरण राज्यभर पाहिलं गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. 17 नोव्हेंबर 2025 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या खंडपीठाने कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या प्रकरणात निकाल देताना देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातल्या पर्यटन क्षेत्रात मोबाइल वापरायला मनाई केली. ताडोबाने त्याच्या सात वर्षं आधी जे गेटवर लावलं होतं ते आता देशाचा नियम झालं.

ताडोबा आणि गोठणगाव या दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट नजरेतून सुटू नये. ज्या छायाचित्राच्या मोहाने गाड्या गोळा होतात तशाच छायाचित्रामुळे गुन्हा उघडही झाला. गोठणगावचा तो प्रसंग कुणी टिपलाच नसता तर तो न्यायालयापर्यंत पोचलाही नसता. फेब्रुवारी 2024 मध्ये रामदेगीच्या बाजूला भानुसखिंडीच्या बछड्याने पाणवठ्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून बाहेर नेली, ते दृश्यही असंच देशभर फिरलं. जंगलातल्या कचऱ्याबद्दल वर्षानुवर्षं लिहिलेल्या सूचनाफलकांनी जे साधलं नव्हतं ते त्या काही सेकंदांनी लोकांच्या मनावर ठसवलं.

मात्र या सगळ्या चित्रांत माणूस नसतो. रीलमधलं ताडोबा म्हणजे सागाची वाट, पाणवठा आणि वाघ. बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी ही गावं या गाभ्यात होती आणि त्यांतली माणसं उठून बाहेर वसली, हे त्या चित्रात येत नाही. ताडोबा हे नावच मुळात ‘तारू’ या नावावरून आल्याचं इथले आदिवासी सांगतात. तारू हा गावचा मुखिया, वाघाशी झालेल्या झुंजीत तो गेला आणि तळ्याकाठी त्याचं देवस्थान झालं. पौष महिन्यात तिथे यात्रा भरायची. ज्या जंगलाचं नाव वाघापुढे उभ्या राहिलेल्या एका माणसावरून पडलं, तिथल्या आजच्या माणसाला त्या जंगलाच्या चित्रात जागा उरलेली नाही.

सिंदेवाहीची सकाळ

10 मे 2025. सिंदेवाही तालुक्यातलं मेंढा-माल. तेंदूपत्त्याचा हंगाम. पानं तोडायला गेलेल्या तीन स्त्रियांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला.

तेंदूचा हंगाम मे महिन्यात जेमतेम काही दिवस चालतो. पहाटे पानं तोडायची, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजायचे. पावसाळ्याआधी हातात पडणारा हाच रोख पैसा. बियाणं त्यातून, पोरांच्या वह्या त्यातून. त्यामुळे जंगलात जाऊ नका, हे सांगणं सोपं आणि ऐकणं अवघड. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर राज्य सरकार आता कुटुंबाला 25 लाख रुपये देतं. पण सकाळी पानं तोडायला घरातून निघणाऱ्या बाईला हवी असते ती माहिती. काल रात्री वाघ कुठे होता, आज नाल्याच्या कुठल्या अंगाला आहे.

ही माहिती देण्याची व्यवस्था ताडोबाच्या बफरमधल्या गावांत हळूहळू उभी राहिली आहे. गावातल्याच तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत. पायाचे ठसे, गुरं मारल्याची खबर, वनरक्षकाने पाहिलेली हालचाल हे सगळं व्हॉट्सॲपच्या गटांवर येतं. सीतारामपेठसारख्या गावाच्या शिवेवर कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे लावले गेले. वाघ-बिबट टप्प्यात आला की इशारा जातो. एकेकाळी कोतवाल दवंडी देत फिरायचा, ते काम आता फोनची एक टुणटुण करते. इथे समाजमाध्यम कुणाची करमणूक करत नाही, जीव वाचवतं.

म्हणूनच त्यात खोटं मिसळलं की इजा जास्त होते. नोव्हेंबर 2025 मध्ये एक चित्रफीत फिरली. ब्रह्मपुरीच्या वनविश्रामगृहाबाहेर खुर्चीवर बसलेल्या माणसावर वाघ झडप घालतो आणि त्याला ओढून नेतो. वर तारीख, वेळ, सीसीटीव्हीसारखा करडा रंग, सगळं अस्सल वाटावं असं. वनविभागाला जाहीर करावं लागलं की अशी घटना घडलेलीच नाही, चित्रफीत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली आहे. त्याच्या थोडं आधी पेंचच्या नावाने नशेतला माणूस वाघाला थोपटत असल्याचं असंच एक बनावट दृश्य गाजलं होतं. पुण्या-मुंबईच्या माणसाने ते बघितलं, पुढे ढकललं आणि विसरला. ब्रह्मपुरी हा मात्र राज्यातल्या सर्वाधिक मानव-वन्यजीव संघर्षाच्या भागांपैकी एक. तिथल्या धानाच्या बांध्यांत रात्री जागलीला बसणाऱ्या माणसासाठी तो करमणुकीचा विषय नव्हता. दोनदा खोटी निघालेली बातमी तिसऱ्यांदा खरी आली आणि त्याने ती सोडून दिली, तर त्याची किंमत तोच मोजणार.

वडशाचा पडदा

वाघाकडून माणसाकडे वळलं की या भागातली दुसरी मोठी ‘बघण्याची’ गोष्ट लागते : झाडीपट्टीचं नाटक. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, दंडार होते, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी ठरतात. दीर्घकाळ गडचिरोली जिल्ह्यातलं एकमेव रेल्वे स्थानक असलेलं वडसा म्हणजेच देसाईगंज हे या नाटकांचं मुख्य ठाणं. नाट्यमंडळांची कार्यालयं तिथे असतात आणि गावची मंडळं तिथे जाऊन तारीख पक्की करतात. 2023 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्याच गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव देशाच्या कानावर गेलं. त्याच्या आदल्या वर्षी तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ चित्रपटाने ती शहरी प्रेक्षकांपुढे आणली होती.

दूरचित्रवाणी आली तेव्हा हे नाटक संपेल असं बोललं गेलं. मोबाइल आला तेव्हाही. नाटक टिकलं, पण ते निवडण्याची रीत बदलली. पूर्वी भिंतीवरचं रंगीत पोस्टर आणि भोंगा लावून फिरणारी गाडी एवढ्यावर गाव ठरवायचं. आता मंडळं नव्या नाटकाची झलक यूट्यूबवर टाकतात, तारखांचं पत्रक व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर लागतं आणि कुठल्या गावी कुठलं नाटक रंगलं हे दुसऱ्या सकाळी तालुक्याला माहीत असतं. नट-नटी स्वतःच्या नावावर चाहते जमवतात. शेजारच्या चार गावांत एकाच रात्री प्रयोग असतील तर प्रेक्षक पडद्यावर झलक बघून दुचाकीला किक मारतो.

यात झाडीबोलीला मात्र अनपेक्षित बळ मिळालं. शाळेत ज्या बोलीला हसलं जायचं त्याच बोलीतले विनोदी प्रसंग आता हजारो लोक बघतात आणि पुण्यात नोकरी करणारा वडशाचा मुलगा ते बघून घरी फोन लावतो. 2020 च्या जूनमध्ये टिकटॉकसह 59 ॲपवर बंदी आली तेव्हा या भागातल्या कित्येक हौशी कलावंतांचं व्यासपीठ एका रात्रीत गेलं होतं. महिनाभरात इन्स्टाग्रामचं रील आलं आणि ते तिकडे वळले. ज्यांची भाषा गोंडी किंवा माडिया आहे त्यांची वाट मात्र अजून लांबची. मसराम गोंडी लिपी 2017 मध्ये आणि गुंजाला गोंडी 2018 मध्ये युनिकोडमध्ये आली, पण फोनवर लिहिताना बहुतेकांना देवनागरीच हाताशी असते. त्यामुळे गोंडी समाजमाध्यमांवर लिहिली जाण्यापेक्षा जास्त बोलली आणि गायली जाते. रेला नाचाची चित्रफीत लिपीची वाट बघत थांबत नाही.

रेंजची टेकडी

वडशाहून दक्षिणेला जसजसं जावं तसतशा फोनवरच्या रेघा एकेक करून कमी होतात. एटापल्ली, भामरागडच्या आतल्या गावांत ‘रेंजची जागा’ असते. टेकडीचा एखादा खडक, रस्त्याचं एखादं वळण. करोनाकाळात शाळा फोनवर आल्या तेव्हा पोरं तिथे जाऊन बसायची. माओवाद्यांनी या भागात मोबाइलचे मनोरे जाळले होते. फोन बाळगणं म्हणजे खबऱ्या असल्याचा संशय ओढवून घेणं, असेही दिवस लोकांनी काढले. चित्र बदललं ते गेल्या काही वर्षांत. 1 जानेवारी 2025 रोजी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या 32 किलोमीटरच्या रस्त्यावर स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटीची बस धावली. ऑक्टोबर 2025 मध्ये भूपती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मल्लोजुला वेणुगोपाल राव यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. रस्ता, बस आणि मनोरा इथे जवळजवळ एकत्रच आले. देशाच्या इतर भागाने जो बदल तीस वर्षांत टप्प्याटप्प्याने पचवला तो इथल्या एका पिढीसमोर पाच वर्षांत उभा राहिला आहे.

बाजारही त्याच वाटेने आला. व्हॉट्सॲपवर साड्यांचे फोटो पाठवून ओळखीत विक्री करायची, ही मीशोसारख्या कंपन्यांनी रुजवलेली पद्धत तालुक्याच्या गावांत सहज मुरली, कारण उधारी-ओळखीवर चालणाऱ्या बाजाराला ती परकी वाटली नाही. आतल्या गावापर्यंत पार्सल जात नाही. ते तालुक्याला येतं आणि आठवडी बाजाराला आलेला माणूस घेऊन जातो. वस्तू हातात पडल्यावरच पैसे द्यायची सोय असल्याने विश्वासही बसला. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येतो, भामरागडचा संपर्क तुटतो आणि पार्सलं अडकतात. पुलावर पाणी किती चढलं याचा फोटो तेव्हा साड्यांच्या फोटोपेक्षा जास्त मोलाचा असतो.

वस्तू आत येतात तशा बाहेरही जाऊ लागल्या आहेत, पण कमी. चंद्रपूरच्या मीनाक्षी वाळके यांनी बांबूच्या राख्या आणि शोभेच्या वस्तूंना जिल्ह्याबाहेर गिऱ्हाईक मिळवून दिलं. बचत गटांच्या बायका मोहाचे लाडू, मध, हातसडीचे तांदूळ यांचे फोटो काढून पाठवतात. अडचण फोटोशी येत नाही. पॅकिंग, परवाना, वेळेवर वाहतूक आणि भांडवल इथे गाडी अडते.

धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा या बाबतीत काही शिकवतं. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 27 एप्रिल 2011 रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तेव्हा गावात व्हॉट्सॲप नव्हतं. अभ्यासगट होते, एकत्र बसून वाचणं होतं आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबणं होतं. आज जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदू-बांबूचा लिलाव स्वतः करतात आणि शेजारच्या ग्रामसभेला काय भाव मिळाला हे फोनवर कळतं. ठेकेदाराने एका गावाला एक आणि दुसऱ्याला दुसरा आकडा सांगायचे दिवस त्यामुळे अवघड झाले. पण भाव कळल्यावर काय करायचं, हे ठरवायला बैठक लागतेच. जिथे ती बसते तिथे फोनचा उपयोग होतो. जिथे बसत नाही तिथे तोच फोन ठेकेदाराचा निरोप घेऊन येतो.

फेब्रुवारी संपत आला की मोहाखालचा पालापाचोळा झाडायला सुरुवात होते. मार्चमध्ये पहिली फुलं पडतात. बफरमधल्या गावात अंधार असतानाच प्रतिसाद दलाच्या पोराच्या फोनवर निरोप येतो : नाल्याच्या पलीकडे वाघीण आहे, बछडे सोबत आहेत. तो निरोप गटावर टाकतो. गटातले लोक एकामागून एक तो वाचतात. मग तो चप्पल घालतो आणि टॉर्च घेऊन बाहेर पडतो, कारण सर्वांत आधी मोह वेचायला निघणाऱ्या म्हाताऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींकडे फोन नाही. त्यांच्या दाराची कडी वाजवावी लागते.